उकळलेले धोटे

शालिकराम हेडाऊ कोणत्याही कामाला हात लावण्याआधी ते किती वेळ घेईल हे सांगतो, आणि तेवढाच वेळ घेतो. हिंगण्याच्या कारखान्यात आम्ही अठरा वर्षं एका शिफ्टला होतो. मी फिटर, तो पॅकिंगला. एक खोका बांधायला त्याला चार मिनिटं लागत. साडेतीन कधी लागली नाहीत, साडेचारही नाहीत. सुपरवायझर घड्याळ घेऊन आठवडाभर त्याच्या मागे उभा राहिला, मग कंटाळला.

कारखान्याच्या आधी तो विणकर होता. बाप विणकर, आजा विणकर. हातमागाचं काम बसलं तेव्हा शालिकराम चाळीस वर्षांचा होता. त्याने माग विकला नाही. सुटा केला, लाकडाला तेल लावलं आणि नागपुरात नंदनवनच्या घरी मागच्या खोलीत रचून ठेवला. दरवर्षी दसऱ्याला पुन्हा तेल. आता तो बाहत्तर वर्षांचा आहे. मी शेजारच्याच घरात राहतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

यंदा फेब्रुवारीत माग पुन्हा उभा राहिला. कारण त्याची नात नंदिनी. ती आईबापांसोबत बेसा भागात राहते. तिचं लग्न अठ्ठावीस एप्रिलचं ठरलं आणि ती आजोबांना म्हणाली, "आबा, दुकानातली साडी मी कधीही घेईन. लग्नात मले तुमच्या हातची पाहिजे."

करवती काठाची टसर साडी, पंचवीस विती लांब. काठाचा धागा वेगळा, मधल्या अंगाचा वेगळा, म्हणून तीन धोटे चालतात आणि मागावर शेजारी शेजारी दोन माणसं बसतात. दोघं बसले तर दिवसाला एक वीत होते. एकटा बसला तर तीन बोटं, म्हणजे पाव वीत. उजवीकडे बसतो तो कापडाचा धनी, नाव त्याचं. डावीकडे जोडीदार. शालिकरामचा जोडीदार सतरा वर्षं एकच होता, भैयाजी पराते. तोही बाहत्तरचाच, दोन गल्ल्या पलीकडे राहतो. शालिकरामनं त्याला बोलावलं तेव्हा तो म्हणाला, "डावीकडेच ना?"

"मंग कुठं?"

"काही नाही. म्हटलं, इतक्या वर्षांत सुधारला असशीन."

पण आला. सकाळी आठला येई, साडेअकराला जाई. रुख्माबाई, म्हणजे शालिकरामची बायको, दहा वाजता दोघांना चहा देई.

आता धोट्याबद्दल सांगतो, कारण सगळा घोळ तिथं आहे. धोटा म्हणजे होडीच्या आकाराचा लाकडी तुकडा. त्याच्या पोटात धाग्याची कांडी बसते आणि धोटा ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांमधून, या हातातून त्या हातात जातो. धाग्याचं टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. बोटाने ते निघत नाही. म्हणून विणकर भोकाला तोंड लावतो आणि एक जोरदार श्वास आत ओढतो. टोक ओठावर येतं. कांडी संपली की पुन्हा तेच. चांगला माणूस दिवसात चाळीस वेळा धोटा चोखतो. दोन माणसं असली तर धोटा दोघांच्या तोंडाला लागतो. कोणी पुसत नाही. पुसायला दोन सेकंद लागतात.

मार्च संपेपर्यंत बारा विती झाल्या. मार्चमध्येच डाग आले. म्हणजे डाग पाच वर्षांपासून होते, ते डॉक्टरांपर्यंत आता आले.

कमरेवर, मांडीच्या आतल्या बाजूला, बरगडीखाली, जिथं ऊन लागत नाही तिथं, लालसर, कोरडे, थोडे खाजणारे चट्टे. शालिकरामनं त्याला गजकर्ण ठरवलं होतं. मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली होती. सकाळी दोन मिनिटं, संध्याकाळी दोन मिनिटं, पाच वर्षं. एक दिवस चुकला नाही. चट्टे कमी होत आणि परत येत. एका सकाळी तो बनियन आणि हाफपँटमध्ये मागावर बसलेला असताना नंदिनीनं ते पाहिले आणि ट्यूब उचलून कचऱ्यात टाकली. पुढच्याच दिवशी तिने त्वचेच्या डॉक्टरची वेळ घेतली. मोटरसायकलवर मी नेलं.

डॉक्टर ऋतुजा मॅडम तिशीच्या असतील. पहिल्या खेपेला त्यांनी चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला. दुसऱ्या खेपेला आम्हाला बसवून घेतलं.

"आजोबा, हे गजकर्ण नाही. हा त्वचेचा लिम्फोमा आहे. शरीराचं रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, त्यातल्या काही बिघडून कातडीत जमल्या आहेत. हा कॅन्सरचाच एक प्रकार आहे, पण तुमचा फार हळू चालतो."

"किती हळू?"

"पाच वर्षांत एवढेच डाग, आणि तेही कातडीतच. आतमध्ये काही नाही."

शालिकरामनं माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे भैयाजीसारखा."

मॅडमना भैयाजी कोण ते माहीत नव्हतं. त्या पुढे बोलल्या. काही प्रकारच्या त्वचेच्या लिम्फोमात एक विषाणू सापडतो. विषाणू साधा आहे, शंभरातल्या नव्वदांच्या अंगात असतो, बहुतेकांना लहानपणीच लागतो आणि कळतही नाही, उशिरा लागला तर कधी गळ्यात गाठी येतात. थुंकीतून पसरतो. इतक्या लोकांपैकी फार थोड्यांनाच लिम्फोमा का होतो, हे अजून नीट उलगडलेलं नाही. तुमच्या प्रकारात तो असण्याची शक्यता कमी आहे, पण तुकडा हाताशी आहे तर तपासून घेऊ. दहा दिवस लागतील.

इतकं सगळं त्या बोलल्या. शालिकरामनं त्यातून एक शब्द उचलला. परत येताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो माझ्या कानाशी म्हणाला, "थुंकी."

"काय थुंकी?"

"धोटा."

मी त्याला सांगितलं की मॅडम शक्यता कमी म्हणाल्या. तो म्हणाला, "कमी म्हणजे हाय." इथं त्याची सवय सांगायला हवी. पूर्वी विणकरांच्या सोसायटीत कापड उजेडात धरून तपासत. दोष निघाला की कापड बाजूला ठेवून आधी हात शोधत. कोणत्या दिवशी, कोणत्या बाजूला, कोणाच्या हातून. हात सापडला की मगच दुरुस्ती. शालिकरामला कॅन्सर झाल्याचं दुःख होतं की नाही, ते मला त्या दिवशी कळलं नाही. हात कोणाचा, हे त्याला शोधायचं होतं, हे कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागाच्या पायाखालच्या पट्टीचा खिळा बसवायला गेलो होतो. दोघं विणत होते. शालिकराम धोटा टाकता टाकता म्हणाला,

"भैयाजी, तुले गळ्यात गाठी कवा झालत्या?"

"काहून विचारून राहिला?"

"मले डागाचं कारण सापडलं."

"कोणतं?"

"तू."

भैयाजीनं आलेला धोटा हातात धरून ठेवला.

"तुही थुंकी," शालिकराम म्हणाला. "सतरा वर्षं तू चोखलेला धोटा मी चोखला."

"आन तू चोखलेला म्या नाही चोखला काय?"

"डाग मले हायेत."

"डाग तुले हायेत म्हणून थुंकी माही? हे कोणत्या कोर्टात चालते?"

"सोसायटीत चालत होतं. फॉल्ट निघाला का पयले डाव्या बाजूले विचारत."

भैयाजीनं धोटा ओळीच्या मध्येच ठेवला. अर्धी ओळ विणलेली, अर्धी मोकळी. विणकर असं करत नाही. तो उठला, चष्मा पुसला, चपला घातल्या. तेवढ्यात रुख्माबाई चहा घेऊन आली.

"वैनी, माहा चहा राहू द्या," तो म्हणाला. "कपाले थुंकी लागन."

आणि गेला.

त्या क्षणी तेरा विती बाकी होत्या आणि दिवस अठ्ठावीस. एकट्याला बावन्न दिवस लागले असते. शालिकरामला हे गणित माझ्याआधी येत होतं. तरी तो मागावर बसला नाही. तीनही धोटे समोर ठेवून बघत राहिला. मग म्हणाला, "याच्यातली थुंकी धाग्याले लागते. धागा साडीत जाते. साडी पोट्टीच्या अंगावर."

मी म्हटलं, "असं होत नसते गा. मॅडमले विचार."

"मॅडम कमी म्हणन. कमी म्हणजे हाय."

अंगणात त्याने आंघोळीच्या पाण्याचा मोठा गंज चुलीवर चढवला. त्यात कडुनिंबाचा पाला, दोन मुठी मीठ, आणि तीन धोटे. चाळीस मिनिटं, त्याने आधीच सांगितलं होतं. धोटे शिसमाचे होते, त्याच्या आज्याच्या हातचे. शंभर वर्षं त्यांना तेल आणि थुंकी सोडून काही लागलं नव्हतं. चाळीस मिनिटांनी झाकण काढलं. एक धोटा केळ्यासारखा वाकला होता. दुसरा पोटातून चिरला होता. तिसऱ्याच्या टोकाची लोखंडी टोपी निघून गंजाच्या तळाशी पडली होती.

रुख्माबाईनं वाकून पाहिलं. "अजी, मीठ बरोबर हाय काय पाहा. भैयाजी भाऊले जेवाले बोलावता येईन."

 धोटे काढून शालिकरामनं फडक्यावर वाळत घातले. उन्हात नाही, सावलीत. एवढं भान होतं.

मी ते दुरुस्त करायला घेतले. दीड दिवस दिला. वाकलेला शिकंज्यात धरून दर तासाला थोडा आवळला, चिरलेल्यात खळ भरली, टोपी ठोकून बसवली. बाहेरून बरे दिसत होते. शालिकरामनं पहिलाच धोटा टाकला. तो ताण्यातून अर्ध्यापर्यंत सरळ गेला, मग वर उसळला आणि मोरीत पडला. दुसऱ्या वेळी खिडकीला लागला. तिसऱ्या वेळी त्याने टाकला नाही. मी माझं काम नापास धरलं.

बाजारात धोटे मिळतात, पण पॉवरलूमचे. ते लांब आणि जड, काठाच्या कामाला घुसत नाहीत. हाताचे धोटे करणारा सुतार वारला होता. उमरेडला ओळखीत फोन केला, तिथं माग गेला तसे धोटेही चुलीत गेले होते. नागपुरात असे तीन धोटे एकाच माणसाकडे असल्याचं आम्हा दोघांना ठाऊक होतं. भैयाजीनं बापाचे धोटे बिस्किटाच्या डब्यात ठेवले होते.

"त्याले माग," मी म्हटलं.

"रिपोर्ट येऊ दे."

दहा दिवस माग बंद होता. नंदिनी रोज फोन करून विचारी, "आबा, किती झाली?" तो म्हणे, "चालू हाय." खोटं बोलायला त्याला एक सेकंद लागे. एवढ्या लवकर त्याचं कोणतंच काम होत नाही, म्हणून तिने तिसऱ्या दिवशी आजीला विचारून घेतलं.

नऊ एप्रिलला आम्ही रिपोर्ट घ्यायला गेलो. बाहेर बाकावर पंधरा माणसं होती. आमचा नंबर येईपर्यंत शालिकराम एकेकाच्या तोंडाकडे बघत होता.

"आजोबा, चांगलं आहे," मॅडम म्हणाल्या. "तुकड्यात विषाणू नाही."

"नाही म्हणजे कमी?"

"नाही म्हणजे नाही. ज्या पेशी बिघडल्या त्यांच्यात तो सापडला नाही. तुमच्या आजाराशी त्याचा संबंध दिसत नाही."

"मंग भैयाजीले बोलावून तपासा."

"भैयाजी कोण?"

मी सांगितलं. धोट्याचंही सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि नीट ऐकलं. मग म्हणाल्या, "त्यांना तपासायची गरज नाही. विषाणू त्यांच्या अंगात असेलच. तुमच्याही असेल, यांच्याही, बाहेर बाकावर बसलेल्या बहुतेकांच्या. माझ्याही."

"तुमी कोणाचा धोटा चोखला?"

"लहानपणी आईने घास चावून दिला असेल. असाच लागतो तो. त्यात कोणाचा दोष नसतो. आणि तुमचा लिम्फोमा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. थुंकीने नाही, कपड्याने नाही, कशानेच नाही."

"साडीनं?"

"साडीनेही नाही."

 शालिकराम म्हणाला, "मंग मले आला कुठून?"

"ते माहीत नाही. जगभर शोधताहेत."

हे त्याला आवडलं नाही. दहा दिवस त्याच्याकडे एक हात होता, आता एकही नव्हता. मी त्याला इतकं मोकळ्या हाताने बसलेलं कधी पाहिलं नाही.

मॅडमनी उपचार सांगितला. आठवड्यातून तीन दिवस यायचं. दिव्यांच्या उभ्या पेटीत चष्मा लावून उभं राहायचं, त्या प्रकाशाने डाग हळूहळू जातात.

"प्रकाश?" शालिकराम म्हणाला. "मॅडम, एप्रिलमध्ये नागपुरात प्रकाशाचे पैसे? मी छतावर उभा राहतो ना."

"छतावर उभे राहिलात तर ऊन लागून दुसऱ्या वॉर्डात जाल. हा मोजलेला प्रकाश आहे. पहिल्या दिवशी काही सेकंद, मग थोडं थोडं वाढवत."

मोजलेला म्हटल्यावर तो तयार झाला. निघताना मॅडम म्हणाल्या, "आणि धागा तोंडाने ओढणं तसंही बंद करा. धूळ छातीत जाते, दुसरे आजार असतात. आकडा वापरा." मी घरी येऊन सायकलच्या स्पोकचा आकडा करून दिला. बारा मिनिटं लागली. चांगला झाला होता.

संध्याकाळी पाचला शालिकराम माझ्या दारात आला. "नागसेन, भैयाजीकडे सोबत चल."

"काहून?"

"मले रस्ता मालूम नाही."

त्या रस्त्याने तो रोज भाजी आणायला जातो. मी चपला घातल्या.

भैयाजी ओसरीवर कैरीच्या फोडी करत बसला होता. त्याने आम्हाला बसा म्हटलं नाही. आम्ही उभे राहिलो.

"रिपोर्ट आला," शालिकराम म्हणाला.

"हं."

"तुही थुंकी नाही निघाली."

"मंग कोणाची निघाली?"

"कोणाचीच नाही."

"पाह्य बरं. दहा दिवस मी गुन्हेगार, आन आता जागा खाली." भैयाजीनं एक फोड कापली. "नंदिनीचा फोन आलता. तिनं मले सगळं वाचून सांगतलं. जवानीत हा विषाणू लागला का कोणाकोणाले ताप येते, गळ्यात गाठी येते, महिना महिना माणूस उठत नाही. शहात्तरच्या दिवाळीत मी एकवीस दिवस पडून होतो. गळा हा असा. लाडू पाहिले, खाल्ला एक नाही. त्याच्या एक महिना आधी मले डाव्या बाजूले कोणं बसवलं होतं?"

"म्या."

"मंग थुंकी कोणाची?"

मॅडम इथं असत्या तर म्हणाल्या असत्या की पन्नास वर्षांनी असं सांगता येत नाही. मी तोंड उघडलं. शालिकरामनं हाताने मला थांबवलं.

"माही असन," तो म्हणाला.

माफी म्हणून एवढंच. भैयाजीला तेवढं पुरलं असावं, कारण त्याने विळी बाजूला केली. "धोटे उकळले म्हणते वैनी."

"हाव."

"किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

"शिसम हाय ते. तासभर पाहिजे होतं. कच्चे राहिले असन."

आणि आत जाऊन बिस्किटाचा डबा घेऊन आला. डबा मांडीवर ठेवून त्याने झाकणावर हात ठेवला. "एक सांगतो. उजवीकडे मी बसीन."

शालिकराम जमिनीकडे बघत राहिला. उजवी बाजू त्याच्या बापाची, त्याच्या आधी आज्याची. साडीचं नाव उजवीकडच्याचं होतं. पोरगी ज्याच्या हातची साडी मागत होती, तो हात डावा होणार होता. तेरा विती, एकोणीस दिवस, त्यातले तीन दिवस दर आठवड्याला अर्धे जाणार. त्याने हे सगळं मनात जुळवलं असणार. किती वेळ लागला ते मी मोजलं नाही.

"आठ वाजता येजो," तो म्हणाला. "पावणेआठला आला तरी चालन."

दुसऱ्या दिवशी भैयाजी पावणेआठला आला आणि उजवीकडे बसला. बसताना त्याने बैठक दोनदा झटकली. शालिकराम त्याच्या डावीकडे बसला. नंदिनी बेस्याहून सकाळीच आली होती, दाराशी उभी होती. रुख्माबाई माझा आकडा हातात घेऊन मागाजवळ थांबली होती, नातीने तिला तसं बजावलं होतं.

आधी ती सोडलेली अर्धी ओळ पूर्ण करायची होती. भैयाजीनं बापाच्या धोट्यात कांडी बसवली. आकड्याकडे पाहिलं नाही. भोकाला तोंड लावलं आणि गरजेपेक्षा मोठा आवाज करून धागा ओढला. टोक ओठावर आलं. त्याने ते बोटाने काढलं आणि धोटा, न पुसता, शालिकरामच्या हातात दिला.

"घ्या," तो म्हणाला. "धनी डावीकडे हायेत आज."

"आबा, आकडा," नंदिनी म्हणाली.

आकडा लागणार नव्हता. धागा भोकातून बाहेर आलेलाच होता. धोटा टाकायचा तेवढा बाकी होता. शालिकरामनं धोट्याकडे पाहिलं, धाग्याचं टोक चिमटीत धरलं आणि सगळा धागा परत आत ढकलून दिला. मग भोकाला तोंड लावून एक श्वास ओढला. टोक त्याच्या ओठावर आलं.

शालिकरामला मी तीस वर्षांपासून ओळखतो. झालेलं काम पुन्हा करताना त्याला मी तेव्हा एकदाच पाहिलं.

"बे, टाइम काहून खराब करून राहिला," भैयाजी म्हणाला. "टाक."

त्याने टाकला.

साडी सव्वीस तारखेला मागावरून उतरली. बाराव्या वितीच्या शेवटी एक ओळ थोडी सैल आहे. उजेडात धरली की दिसते. हात कोणाचा, असं नंदिनीनं विचारलं तेव्हा दोघंही एकदम म्हणाले, "याचा."